तेराव्या दिवशी पंप कोण दुरुस्त करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळ नगरचे, सहा वर्षांपासून इंग्लंडात लेस्टरला, नोकरी सॉफ्टवेअरमधली, पत्नी फार्मासिस्ट. तुमच्या तिथल्या चर्चमधून चौदा जणांची तुकडी ऑगस्टमध्ये बारा दिवसांसाठी आफ्रिकेतल्या मलावीच्या दक्षिण टोकाला, न्सांजे जिल्ह्यातल्या एका गावी चालली आहे. बेत आहे तो एक बोअर घेऊन हातपंप बसवायचा, शाळेच्या दोन खोल्या रंगवायच्या, एक दिवस आरोग्य शिबिर, तीन दिवस मुलांची बायबल शाळा आणि शेवटच्या दिवशी कपडे-दप्तरांचं वाटप. माणशी खर्च १,८०० पाउंड. तुम्ही विचारलंय, ‘जावं, की तेवढे पैसे पाठवून द्यावेत? आणि गेलोच तर बॅगेत काय न्यावं?’

मी पंपवाला माणूस. जन्म जालन्याचा, मिशन कंपाउंडातला. निम्मं आयुष्य मराठवाड्यात हातपंप बसवण्यात आणि उपसण्यात गेलं. २००९ ते २०१६ मलावीत चर्चच्या एका मदतसंस्थेच्या पाणी विभागात होतो, त्यातली बरीच वर्षं तुम्ही जाताय त्याच शिरे नदीच्या खोऱ्यात. फ्रेडी वादळानंतर २०२३ मध्ये दोन महिने पुन्हा जाऊन आलो. तुमच्यासारख्या वीसेक तुकड्या मी उतरवून घेतल्या आणि विमानात बसवून दिल्या आहेत. काहींची आठवण गाव अजून काढतं. काहींची काढतं, पण वेगळ्या कारणाने.

तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला अडलं: ‘गावाला पाण्याची गरज आहे असं आम्हाला कळलं आहे.’ कुणाकडून कळलं? गावातल्या पाणी समितीने मागणी केली, की तुमच्या चर्चमधल्या कुणी मागच्या वर्षी फोटो काढले आणि त्यात डोक्यावर बादली घेतलेली बाई दिसली? जावं की पैसे पाठवावेत, हा हिशेब नंतर करता येतो. आधी हे ठरायला हवं की काम कुणाचं आहे. गावाचं काम चालू असेल आणि तुम्ही बारा दिवस हातभार लावायला जात असाल तर एक उत्तर. काम तुमच्या तुकडीचं असेल आणि गाव ही फक्त त्याची जागा असेल, तर दुसरं. हे मला इथे नगरात बसून सांगता येणार नाही. तिथल्या चर्चच्या पाळकाशी फोनवर अर्धा तास बोललात तर तुम्हाला कळेल. तोवर माझे अनुभव सांगतो, त्यावरून प्रश्न काय विचारायचे ते सुचेल.

मी घेणाऱ्यांच्या रांगेतही उभा राहिलेलो आहे, हे आधी सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. अमेरिकेचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी दोन्ही खाल्ली. मिलोच्या भाकरीला आई तोंडाने नावं ठेवायची आणि हाताने थापायची. नाताळच्या आधी मिशनमध्ये परदेशातून जुन्या कपड्यांच्या पेट्या यायच्या. एका वर्षी माझ्या वाट्याला लोकरीचा जाड ओव्हरकोट आला, गुडघ्याखाली येणारा. जालन्यात! मडमबाईंनी मला तो घालून उभं केलं आणि फोटो काढला. पुढे त्या कोटाचं आजीने घोंगडीखालचं अंथरूण केलं, ते मात्र अनेक वर्षं टिकलं. त्या बाई प्रेमळ होत्या, आमच्या घरात कुणी आजारी पडलं की रात्री येऊन बसायच्या. पण फोटोसाठी उभं राहताना मानेवर आलेला घाम अजून आठवतो. तुम्ही कॅमेरा उचलाल तेव्हा तोही आठवावा म्हणून सांगितलं.

आता पंप. इथे जरा रेंगाळतो, कारण हाच माझा विषय आहे आणि तुमच्या बेतातला सगळ्यात महाग भागही.

साठच्या दशकात आपल्याकडे खेडोपाडी जे बिडाचे हातपंप बसले ते युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांच्या नकला होत्या. तो पंप एका कुटुंबासाठी घडवलेला, दिवसातून पन्नासेक वेळा दांडा हलेल अशा हिशेबाचा. आपल्याकडे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. महिन्या-दोन महिन्यांत दांडा तुटायचा. देणाऱ्याचा हेतू खोटा नव्हता, पण पंप दुसऱ्याच अंगणासाठी बनलेला होता. मग जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी, रोज तुटलेले पंप बघून बघून, पोलादाचा पंप घडवला. तो जालना पंप. त्यातून सुधारत सोलापूर पंप झाला आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या साथीने त्याच घराण्यातला इंडिया मार्क टू आला, जो पुढे जगभर गेला. हे जमलं कारण ती माणसं इथेच राहत होती. पंप तुटला की बायका त्यांच्याच दारात येऊन उभ्या राहायच्या.

एवढा इतिहास तोंडपाठ असूनही मलावीत पहिल्याच वर्षी मी तीच चूक केली. तिथे चालतो अफ्रिदेव पंप. त्याच्या घडणीतला बराच भाग मलावीतच झालेला. त्याचे पाइप प्लास्टिकचे, आणि दट्ट्या वर काढायला खालचे पाइप उपसावे लागत नाहीत. एक पाना आणि एक गळ एवढ्यावर गावातल्या दोन बायका तो उघडतात, आतली रबरी सील बदलतात आणि दुपारच्या आत पाणी सुरू. पण मला आपल्या मार्क टूचा अभिमान! एका परदेशी तुकडीकडे पैसे होते, मी भरीला घातलं आणि भारतातून चार मार्क टू मागवून बसवले. उद्घाटनाला गाणी झाली, नाच झाला, बिशप आले. शिरे खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी भूजल खारं आहे. लोखंडी पाइप दुसऱ्या वर्षी गंजून भोकं पडली. पाइप उपसायला तिपाई लागते, पाच माणसं लागतात, सुटे भाग लागतात. जिल्ह्याच्या दुकानात एकही भाग मिळेना, कारण तिथे सगळं अफ्रिदेवचं. चारपैकी तीन पंप बंद पडले आणि बायका परत नदीवर. शिरे नदीत मगरी आहेत. एका बाईचा हात गेला. मला कुणी बोल लावला नाही, तिथे पाहुण्याला तसं तोंडावर बोलत नाहीत. नंतर त्या गावाने पंपाच्या दांड्याचा उपयोग चर्चची घंटा म्हणून केला, तो आवाज मी दोन वर्षं दर रविवारी ऐकला.

म्हणून बोअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बारा दिवसांच्या बेतात नवी बोअर बसवू नका. जागा ठरवायला भूजलाची तपासणी लागते, पाण्याचा खारेपणा मोजावा लागतो, जिल्हा पाणी कार्यालयाची परवानगी लागते आणि यंत्र कधी येईल हे यंत्रवाल्यालाही ठाऊक नसतं. तुमचं परतीचं तिकीट काढलेलं असतं, त्यामुळे अकराव्या दिवशी पाणी मचूळ लागलं तरी ‘चालेल’ म्हणून पंप बसतोच. आफ्रिकेच्या सहाराखालच्या भागात कोणत्याही दिवशी चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढे हातपंप बंद असतात, असे अंदाज वर्षानुवर्षं येत आले आहेत. माझा स्वतःचा अनुभव त्याहून बरा नाही. म्हणजे तुमच्या गावाच्या दोन-तीन मैलांत बंद पडलेले पंप नक्की असतील. पाळकाला विचारा की किती आहेत, कधीपासून, कशामुळे. पाणी समिती आहे का, तिच्यात बायका किती, पेटीत पैसे किती जमतात, शेवटची दुरुस्ती कुणी केली. तिथे ठरावीक भागासाठी पंप मेकॅनिक असतात, सायकलवरून फिरणारे. तुमच्या बोअरच्या पैशांत अशा दोघांना हत्यारं, एक चांगली सायकल आणि वर्षभराचे सुटे भाग देता येतात. दहा बंद पंप सुरू होतात. त्यांवर तुमच्या चर्चच्या नावाची पाटी लागणार नाही, हे मात्र तुमच्या मंडळीला आधी सांगून ठेवा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त अडचण याच मुद्द्यावर येते.

कपड्यांचं थोडक्यात. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या रात्री. तिसऱ्या दिवशी आम्ही पाण्याच्या टाक्या घेऊन निघालो तर रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग, पावसात भिजलेले. ज्यांचं घर पडलं ती कुणबी बाई कुणाची तरी उसवलेली जीन्स घालणार आहे का? मलावीत तर जुन्या कपड्यांचा मोठा बाजारच आहे. त्याला ‘काउंजिका’ म्हणतात. युरोपातल्या जुन्या कपड्यांच्या गाठी येतात, त्या फोडून बायका फूटपाथवर विकतात आणि त्यावर मुलांच्या शाळेची फी भरतात. शिवाय प्रत्येक बाजारगावी दुकानाच्या ओट्यावर पायाच्या मशीनवाले शिंपी बसलेले असतात. तुम्ही तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा भरून कपडे फुकट वाटता तेव्हा महिनाभर या दोघांच्या पोटावर पाय येतो. गणवेश द्यायचेच असतील तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत त्या शिंप्यांनाच शिवायला द्या.

धान्यालाही हेच. तुम्ही जाताय ऑगस्टमध्ये. मक्याची काढणी एप्रिल-मेमध्ये होते, ऑगस्टात घरात कणग्या भरलेल्या असतात. उपासमारीचे महिने डिसेंबर ते मार्च, तेव्हा तिथे कुणी तुकडी येत नाही, कारण रस्ते वाहून गेलेले असतात आणि इंग्लंडात शाळा चालू असतात. ऑगस्टात धान्य वाटलं तर बाजारात भाव पडतो आणि थोडाफार मका विकून मीठ-तेल आणणारा शेतकरी मरतो. त्या पैशांचा मका ऑगस्टात गावातूनच विकत घेऊन कोठारात ठेवला आणि जानेवारीत समितीने वाटला, तर एकाच पैशात दोन कामं होतात. पण कोठार कोरडं हवं, भुंगा लागणार नाही याची व्यवस्था हवी आणि किल्ली दोघांकडे हवी. हे तिथे आधीपासून चालू असेल तरच करा. तुमच्यासाठी नव्याने उभारू नका.

शेवटच्या दिवसाच्या वाटपाबद्दल एक प्रसंग सांगतो. एका तुकडीने साठ दप्तरं आणली होती. यादी साठ मुलांची होती. वाटप आहे हे कळल्यावर अडीचशे मुलं आली, शेजारच्या दोन गावांतूनही. रांग अर्ध्या तासात मोडली. एका आजीला धक्का लागून ती पडली. तुकडीतली एक मुलगी रडायला लागली, मग घाईघाईने प्रार्थना करून सगळे गाडीत बसले आणि निघाले. त्यांच्या दृष्टीने तो एक वाईट दिवस होता. तिथल्या पाळकाच्या दृष्टीने ते पुढचं वर्ष होतं. यादी कुणी केली, तुझ्या मेव्हण्याच्या पोराला दप्तर कसं मिळालं, गोऱ्यांनी पैसे दिले ते कुठे गेले, हे त्याला विहिरीवर, बाजारात, मयतीला गेला तरी ऐकावं लागलं. गावप्रमुखाने दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलं, कारण वाटप त्याला न विचारता झालं होतं. तुम्ही बाराव्या दिवशी निघता. तेराव्याला जे काही घालायचं ते त्या पाळकाला घालावं लागतं.

आरोग्य शिबिराबद्दल तुमच्या पत्नीला उद्देशून लिहितो. परदेशी डॉक्टरांना मलावीत तपासायला बसायचं तर तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. ती नसेल तर शिबिर घेऊच नका, तुमच्या चर्चमधले डॉक्टर कितीही मोठे असोत. दुसरं म्हणजे एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाब सापडतो, महिन्याच्या गोळ्या मिळतात, महिना संपतो. त्या बाईला आता एवढंच ठाऊक असतं की तिला एक आजार आहे ज्याचं औषध पुढल्या ऑगस्टात येतं. आपल्या आशाताईंसारखे तिथे गावोगाव आरोग्य सहायक आहेत, सरकारी पगारावर. मलेरियाची तपासणी, लसीकरण, पाण्यात क्लोरीन टाकणं ही कामं तेच करतात. २०२२-२३ च्या कॉलऱ्यात मलावीत सतराशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा घरोघर मीठ-साखरेचं पाणी देत फिरले तेही बहुतेक हेच. शिबिर घ्यायचं तर त्यांच्या केंद्रात, त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या वहीत नोंद करून घ्या.

पण फार्मासिस्ट बाईंना खरं काम दुसरीकडे आहे. मिशनच्या दवाखान्यांची तिथे ख्रिस्ती आरोग्य संघटना आहे, देशातल्या आरोग्यसेवेचा मोठा वाटा ती उचलते. अशा दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत मी एकदा गेलो, तर एक अख्खं कपाट कुठल्यातरी युरोपीय भाषेतल्या खोक्यांनी भरलेलं. नर्सला वाचता येत नव्हतं, मुदत संपलेली, टाकून द्यायची भीती कारण ‘देणाऱ्यांना वाईट वाटेल’. औषध पोचतं तेव्हा किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना दंडक आहे. बॅगेतून औषधं नेण्यापेक्षा तुमच्या पत्नीने त्या खोलीत पाच दिवस बसावं. साठ्याची कार्डं नीट करावीत, मुदतबाह्य माल वेगळा काढावा, आणि तिथल्या मुलीला हिशेब लावायची पद्धत तिच्याकडूनच समजून घेऊन सुधारून द्यावी. अर्थात दवाखान्याने बोलावलं तर.

मुलांची बायबल शाळा घ्या, सुट्टीचे दिवस आहेत, मुलं मजेत येतील. फक्त तिथल्याच रविवारच्या शाळेच्या शिक्षिका ती चालवतील आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली राहाल असं बघा. अनाथाश्रम कुणी दाखवायला नेत असेल तर नाही म्हणा. पाहुणे येतात म्हणून अनाथाश्रम भरतात, आणि त्यातल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात, हे अनेक देशांत दिसून आलंय. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर अमेरिकेतून आलेल्या बाप्तिस्त मंडळीच्या दहा जणांना तेहतीस मुलं सीमेपार नेताना अटक झाली होती. त्यांतल्या बऱ्याच मुलांना आईबाप होते. ती माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही. घाईत होती, आणि मुलांचं भलं कशात आहे ते आपल्यालाच कळतं अशी त्यांची खात्री होती.

आता धर्माचं. तुम्ही ते विचारलं नाहीत, पण तुमच्या तुकडीच्या पत्रकात ‘सुवार्ता न पोचलेल्यांपर्यंत’ असे शब्द आहेत म्हणून लिहितो. मलावीच्या २०१८ च्या जनगणनेत दर चार माणसांमागे तीनहून जास्त ख्रिस्ती आहेत. स्कॉटिश मिशन तिथे १८७५-७६ पासून आहे. त्यांची उपासना तीन तास चालते आणि चार सुरांत ते वाद्याशिवाय असं गातात की आपली गिटार बॅगेतच राहिलेली बरी. तिथे तुम्ही द्यायला कमी आणि घ्यायला जास्त जाताय. मुसलमान वस्ती असेल तिथे मदत आणि प्रार्थना यांची जागा आणि वेळ वेगवेगळी ठेवा. मदत गरज बघून द्यायची, धर्माच्या प्रचारासाठी वापरायची नाही, हे रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्येच लिहून घेतलं आहे, आणि त्यात ख्रिस्ती संस्थाही होत्या. पण तुम्ही-आम्ही मराठी ख्रिस्ती, आपल्याला हे कागदावरून शिकायला नको. ‘पोटासाठी बाटले’ हे वाक्य शाळेत आपल्याला कुणी ऐकवलं नाही असं घर नसेल. मका देताना हातात पत्रक ठेवलं की तेच वाक्य आपण दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी तयार करून ठेवतो.

एक गंमत सांगतो, विषयाला सोडून आहे. स्कॉटिश मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६१ मध्ये शिरेच्या डोंगराळ भागात गुलामांचा एक तांडा सोडवला. त्यातला चुमा नावाचा मुलगा पुढे मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकला. १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहूनच शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा बरोबर चुमा होता आणि नाशिकच्या शरणपूरला शिकलेली काही आफ्रिकन मुलंही. सात वर्षांनी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत चुमा होता. मलावीतल्या ब्लँटायर शहरातल्या एका शिक्षकाला मी हे सांगितलं, तेव्हापासून तो मला ‘चुमाच्या गावचा’ म्हणायचा. मी मुंबईचा नाही, जालन्याचा, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

मुद्द्यावर येतो. चौदा गुणिले अठराशे म्हणजे २५,२०० पाउंड. यातला बराचसा पैसा विमानाचा आणि राहण्याखाण्याचा. ‘हे सगळे पाठवले तर केवढं काम होईल’ हे गणित मीही खूप वर्षं मांडलं. पण चौदा जण घरी बसले तर ते पैसे बहुतेक वेळा पाठवले जात नाहीत, हेही पाहिलंय. तिकिटाचे पैसे माणूस स्वतःच्या प्रवासासाठी जमवतो. म्हणून मी सरसकट ‘जाऊ नका’ म्हणत नाही. माझी सूचना अशी की चौदा नको, पाच जा. ज्यांच्या हातात तिथे मागितलेलं काही कसब आहे असे तीन, चर्चचा हिशेब पाहणारा एक आणि एखादा विशीतला, जो पुढची वीस वर्षं हे नातं सांभाळेल. उरलेल्या नऊ जणांना विचारा की तिकिटाच्या निम्मी रक्कम देतील का. निम्मे लोक देतील. मी निराशावादी आहे, कदाचित जास्तही देतील.

आणि त्याच गावी पुन्हा जा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांचं नाव अजून निघतं, कारण ते १८८९ मध्ये आले आणि १९२८ पर्यंत राहिले, मराठी शिकले, इथल्या माणसांना डॉक्टर केलं. तुम्हाला नोकरी आहे, तुम्ही चाळीस वर्षं राहू शकत नाही. पण दहा वर्षं दर वर्षी त्याच गावी, त्याच माणसांकडे, चारच जण गेले, तर तिसऱ्या वर्षी लोक तुम्हाला खरं सांगायला लागतात. पहिल्या वर्षी ते फक्त ‘झिकोमो’ म्हणजे धन्यवाद म्हणतात. माझ्या मार्क टू पंपांबद्दल मला पहिलं खरं वाक्य तिसऱ्या वर्षी एका म्हातारीने ऐकवलं: ‘तुमचा पंप छान होता, पण तो आमच्याशी बोलत नव्हता.’

पहिल्या खेपेला बारा दिवसांत काय करायचं? पहिले तीन दिवस काही करू नका. गावप्रमुखाला भेटा, आपल्याकडे पाटलाला भेटल्याशिवाय गावात काम सुरू होत नसे, तसंच आहे ते. बाजारात जा. मक्याच्या पिठाची न्सिमा हाताने खायला शिका. आपल्या ज्वारीच्या घट्ट उकडीसारखी असते, बरोबर सुकी उसिपा मासळी. सुकट खाणाऱ्याला ती लगेच आवडेल. नंतरचे दिवस पंप मेकॅनिकच्या मागे सायकलवर फिरा आणि तुम्ही सॉफ्टवेअरवाले आहात तर पाणी समित्यांच्या वह्या बघा. कुठला पंप कधी बंद पडला, कुठला भाग लागला, हे एका साध्या तक्त्यात बसलं तर जिल्हा कार्यालयाला ते सोन्यासारखं आहे. पण वही त्यांची राहू द्या, ॲप काढू नका. रंगकाम करायचंच असेल तर गावातल्या दोन रंगाऱ्यांना रोजी देऊन त्यांच्या हाताखाली करा. फार फार तर तुमचे हात पांढरे होतील, त्यांच्या घरी चूल पेटेल.

तर आज पाळकाला फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा. आम्ही आलो नाही तर यातलं काय होईल? आम्ही गेल्यावर हे कोण बघेल, आणि त्याला पगार कोण देईल? आमच्या बेतातलं काय तुम्हाला नको आहे? तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या फोनवर ‘सगळं छान आहे’ असंच उत्तर येईल. आठवड्याने पुन्हा विचारा. तेव्हाही तेच आलं तर गावातल्या मुख्याध्यापिकेला वेगळं विचारा. उत्तरं मला कळवा, त्यावरून पुढचं बोलू.

बॅगेचं राहिलं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून इंग्लंडातूनच सुरू करा, मच्छरदाणी न्या, डोक्याला लावायची बॅटरी न्या. नदीत किंवा सरोवरात पाय घालू नका, त्या पाण्यात गोगलगाईंतून पसरणारा बिलहार्झिया नावाचा रोग आहे. पाळकाच्या घरी देण्यासाठी तुमच्या आईवडिलांचा एक छापील फोटो न्या. ‘मुली ब्वांजी’ म्हणजे ‘कसे आहात’ असं विचारलं की ‘न्दिली ब्विनो, काया इनु’ म्हणायचं, ते पाठ करून जा. पंपाचा पाना मात्र नेऊ नका. ब्लँटायरला उतरलात की शेजारीच लिम्बे आहे, तिथे गुजराती दुकानदारांची हार्डवेअरची दुकानं आहेत, तिथून तीन घ्या आणि पावती मेकॅनिकच्या नावाने करा.